थोरल्या विहिरीचा शेजार

आमच्या गावची सार्वजनिक विहीर आणि दूध डेअरीचा सांडपाण्याचा हौद यांच्यात गेल्या दिवाळीपासून वाट्यांची देवघेव सुरू झाली. हौद जमिनीखालून भरलेली वाटी धाडायचा, विहीर ती आपल्यात ओतून घ्यायची आणि स्वतःच्या पाण्यानं भरून परत पाठवायची. शेजाऱ्याची वाटी रिकामी परत करायची नसते, हे तिलाही माहीत आहे. मी इंदुमती जगदाळे, खडकसोंडची सरपंच. एरवी दोन घरांच्या देवघेवीत नाक खुपसायची मला अजिबात हौस नाही. पण यातलं एक घर अख्ख्या गावाला पाणी पाजतं, म्हणून मला लक्ष घालावं लागलं.

पहिली वाटी गजराबाई लोखंडे यांच्या घागरीत वर आली. गजराबाई म्हणजे आमच्या पाणवठ्यावरचा सगळ्यात मोठा आवाज. पाण्यावरून त्यांच्याशी भांडून जिंकलेलं माणूस गावात नाही. त्यांनी घागर ओढून काठावर ठेवली, तर आत स्टीलची वाटी. वाटीवर नाव घातलेलं होतं: 'चि. हौद यास वास्तुशांतीनिमित्त सप्रेम, मॅनेजर बर्गे.' वाटीत पांढरट पाणी होतं. गजराबाईंनी बोट बुडवून चाखलं.

"पनीरचं पाणी आहे," त्या म्हणाल्या. "मीठ विसरलाय मेला."

दुसऱ्याची वस्तू ठेवून घेणं बरं नव्हे म्हणून त्यांनी वाटी पुन्हा विहिरीत सोडली. विषय तिथंच संपायचा, पण थोड्याच दिवसांत गावातला चहा फाटायला लागला. दूध ताजं, पातेलं घासलेलं, तरी उकळी आली की वर चोथा आणि खाली पाणी. म्हातारी माणसं म्हणाली, पाणी आंबलंय. तरुण म्हणाले, पौष्टिक झालंय. पाहुणे आले की लोक दारातच विचारायचे, सरबत चालेल ना?

हौद तिथं कसा आला, तेही सांगते. डेअरीत पनीर आणि चक्का होतो. त्याचं उरलेलं आंबट पाणी आणि कॅन धुतलेलं पाणी साठवायला हौद हवा होता. ग्रामसभेत जागेचा विषय निघाला तेव्हा 'आमच्या घराजवळ नको' म्हणून सगळ्यांनी हात वर केले. विहिरीच्या वरच्या अंगाला, चढावर, कुणाचंच घर नव्हतं. विहीर ग्रामसभेला येत नाही, त्यामुळे तिचा विरोध नोंदला गेला नाही आणि ठराव एकमतानं मंजूर झाला.

मी आधी डेअरीत गेले. बर्गे मॅनेजर मोठा हसरा माणूस. त्यांनी मला खुर्ची दिली, ताक दिलं आणि माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"वहिनी, एक गोष्ट स्पष्ट करतो," ते म्हणाले. "आपला हौद गळत नाही. हौद देतो. गळती असती तर तो गुन्हा झाला असता. देणं हा संस्कार आहे."

"पण त्याच्या तळाला कोपऱ्यात फट आहे ना?"

"फट नव्हे हो, मागचं दार. शेजारपाजार असलेल्या घराला मागचं दार लागतंच."

ताक मात्र झकास होतं. मी वाटेत विहिरीवर थांबले. आमच्या विहिरीला सगळे थोरली म्हणतात. ती आपणहून फारशी बोलत नाही, पण विचारलं तर उत्तर देते.

"थोरले, ती वाटी घेऊ नकोस," मी वाकून म्हटलं.

"आलेली वाटी परत कशी लावू गं इंदू?" ती आतून म्हणाली. "पोर नवीन आहे. इतक्या प्रेमानं पाठवतंय."

"बरं, घे. पण भरून तरी धाडू नकोस."

"म्हणजे रिकामी पाठवू? माझ्या हातून नाही व्हायचं ते."

मग मी जिल्ह्याला कळवलं. तिथून पाणी तपासणाऱ्या गुंजाळ मॅडम आल्या. शिडशिडीत बाई, डोक्याला स्कार्फ, हातात टेप. त्यांनी विहिरीपासून हौदापर्यंत टेप धरला आणि मान हलवली.

"हा शेजार झाला," त्या म्हणाल्या. "नियमाप्रमाणे असला हौद आणि पिण्याचं पाणी यांच्यात फार तर तोंडओळख असावी. त्यातून वर मुरूम, खाली भेगाळलेला खडक, आणि उतार हौदाकडून विहिरीकडे. अशा ठिकाणी घरोबा फार लवकर वाढतो."

"पाणी तर नितळ दिसतंय की मॅडम."

"दिसणारच. वाटीतलं पाणी मुरता मुरता त्याचं नायट्रेट होतं. त्याला रंग नाही, वास नाही. मोठ्या माणसांना एकवेळ कळायचंही नाही. पण तान्ह्या बाळाच्या पोटात गेलं तर बाळ निळं पडतं."

"उकळून गार केलं तर?"

"तर पाणी उडून जातं आणि नायट्रेट तिथंच राहतं. उलट दाट होतं."

मग त्यांनी विहिरीचा जबाब घेतला, हौदाचं झाकण उचलून त्याचाही घेतला. दोघांनी एकमेकांबद्दल चांगलंच सांगितलं. मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. "संक्रांतीच्या आत ही देवघेव बंद व्हायला हवी," त्या मला म्हणाल्या. "एकदा संक्रांत लागली की रथसप्तमीपर्यंत वाणं लुटायचे दिवस. तेव्हा हा हौद तिच्या पदरात काय काय घालेल, त्याची जबाबदारी मी घेणार नाही. मी पुन्हा नमुना घ्यायला येईन. तो खराब निघाला तर विहिरीवर स्लॅब टाकून ती कायमची बंद करावी लागेल आणि गावाला टँकर."

बर्गे म्हणाले, खालच्या अंगाला, गवताच्या रानाकडे, नवा हौद बांधायला घेतलाय, पण तो होळीशिवाय उरकत नाही. तोवर डेअरी बंद ठेवायची म्हटली तर गावाचं दूध कुठं ओतायचं? आणि मॅडम गेल्यावर माझ्या डोळ्यांपुढे गाव नव्हतं, खरं सांगते. माझ्या डोळ्यांपुढे माझी वृषाली होती.

वृषाली माझी एकुलती एक लेक. चिंचवडला दिलेली. आठवा महिना लागला म्हणून पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. मी डिंकाचे लाडू वळून डबे भरले होते, अळीव आणून ठेवले होते, माझ्या मऊ झालेल्या साड्यांची दुपटी शिवली होती, माडीवरची बाज खाली उतरवून तिच्या दोऱ्या आवळून घेतल्या होत्या. आणि मॅडमचं बोलणं तिनं विहिरीवर माझ्या मागं उभं राहून शब्दन् शब्द ऐकलं होतं.

"आई, वाट्या थांबल्या नाहीत तर मी चिंचवडला जाते," ती म्हणाली. "इथं बाळाला निळं पाडायला नाही राहायचं मला."

"अगं, जारचं पाणी आणू की आपण."

"आणि सरपंचाच्या घरी जार, गावाला वाट्या? तुलाच पटायचं नाही ते. शेजारच्या सुनेलाही दिवस गेलेत. तिनं काय करायचं?"

तिचं खरं होतं, म्हणूनच मला राग आला. पोरीला डाळ जास्त शिजलेली आवडते की कमी, हे तिच्या सासूला ठाऊक नाही, आणि बाळंतपण तिच्या हातचं? मी त्याच संध्याकाळी पंचायतीची बैठक लावली.

बैठकीत एकमतानं ठरलं की विहिरीला सुतक लावायचं. सुतकात देवघेव नसते, हा सोपा मार्ग. गायरानातला पडका आड नुकताच रस्त्याच्या कामात मुरूम टाकून बुजवला होता. तो थोरलीच्या नात्यातला, लांबचा चुलत दीर लागायचा. आम्ही जाऊन तिला बातमी सांगितली. ती म्हणाली, "भला माणूस होता. पाणी कमी होतं, पण स्वभाव चांगला." सुतक पाळायला ती लगेच कबूल झाली. मी निवांत झोपले.

सकाळी गजराबाईंनी दार ठोठावलं. "सरपंचबाई, बघा चला. वाटी नाही आली, पातेलं आलंय!"

खरंच आलं होतं. झाकणासकट. विहिरीचं पाणी वरपर्यंत पांढरट झालं होतं. मी तडक डेअरीत गेले, तर बर्गे तोंड पाडून बसलेले.

"वहिनी, चूक आपलीच झाली," ते म्हणाले. "मी हौदाला सांगितलं, थोरल्या काकूंकडे सुतक आहे, काही पाठवू नकोस. तर तो म्हणाला, साहेब, सुतकाच्या घरात चूल पेटत नाही. अशा वेळी शेजाऱ्यानं नाही पाठवायचं तर कुणी?"

मी कपाळावर हात मारून घेतला. अख्ख्या पंचायतीत एवढी संसारी माणसं, पण दुःखाच्या घरी शेजारून पिठलंभाकरी जाते हे एकालाही आठवू नये! त्या दिवशी गावात दूध घालायच्या आधीच चहा फाटला. वृषालीनं बॅग बाहेर काढली आणि दुपट्यांच्या घड्या घालायला लागली. जावई मिलिंदराव फोनवर म्हणाले, संक्रांतीच्या आधल्या दिवशी गाडी घेऊन येतो.

आता एकच उपाय उरला होता. दोन घरांची देवघेव सुतकानं थांबली नाही तर भांडणानं थांबते. हौद आणि विहीर यांच्यात अबोला घडवून आणायचा ठराव झाला आणि त्या कामासाठी गजराबाईंची नेमणूक झाली. मानधन त्यांनी घेतलं नाही. "एवढं शिकून घ्या माझ्याकडून, तेच खूप," त्या म्हणाल्या.

त्यांनी विहिरीच्या काठावर मांडी घातली आणि शिकवायला सुरुवात केली. मीही शेजारी बसले.

"हे बघ थोरले, पहिल्यांदा नाव घ्यायचं नाही. वाऱ्याशी बोलायचं. 'काही लोकांना लाज म्हणून नाही,' असं. म्हण."

"काही लोकांना," विहीर म्हणाली आणि थांबली. "काही लोकांना बरं नाही का? काल पाठवलेलं जरा पातळ होतं."

"अगं, चौकशी नाही करायची! भांडी आपटायची!"

"माझ्याकडे भांडी नाहीत गं. जी येतात ती तुमची."

"मग त्याच्या सात पिढ्या काढ."

"तो सिमेंटचा आहे. त्याच्या पिढ्या कुठून काढू?"

गजराबाई दुपारपर्यंत खपल्या. ज्या बाईनं तलाठ्याला घाम फोडला तिचा घसा बसला, पण विहिरीच्या तोंडून एक वाकडा शब्द निघाला नाही. शेवटी माझा तोल गेला.

"थोरले, पुरे झाले तुझे मानपान!" मी ओरडले. "तुझ्या त्या शिष्टाचारापायी गाव टँकरवर जाईल, तुझ्यावर स्लॅब पडेल आणि माझी पोर बाळंतपणाला माहेरातून जाईल. कळतंय का तुला?"

विहीर हळू आवाजात म्हणाली, "इंदू, चिडू नकोस. तुम्ही माझ्याकडे येता ते रिकामी भांडी घेऊन. नारळ फोडता, त्यातलं पाणी मला देता आणि खोबरं घरी नेता. ओटी भरता, आणि दुसऱ्या दिवशी गळ टाकून खण काढून नेता. माझी तक्रार नाही. पण इतक्या वर्षांत भरलेली वाटी मला त्या पोरानं पहिल्यांदा दिली. ती वाईट आहे की चांगली, हे मी बघितलंच नाही."

गजराबाईंनी पदर तोंडाला लावला. मागच्या वर्षीचा हिरवा खण त्यांनीच काढून नेला होता, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. रागावून आलेली मी, तशीच गुमान उठून घरी गेले.

संक्रांतीच्या आधल्या दिवशी सकाळी मिलिंदराव गाडी घेऊन आले. लाडवांचे डबे डिकीत गेले, बॅग गेली, दुपटी गेली. मी हसत होते. पोटुशी पोर निघाली की रडायचं नसतं, म्हणून नुसतं तोंड दुखेपर्यंत हसत होते. गाडी चढाला लागायच्या आधी वृषाली म्हणाली, "थोरलीचा निरोप घेते," आणि उतरली. मी तिच्या हाताला धरून नेलं.

"थोरले, येते मी," ती वाकून म्हणाली.

"बारशाला बोलाव गं मला," विहीर म्हणाली.

"बारसं इथं नाही आता. चिंचवडला जातेय मी."

"का? आईशी भांडलीस?"

"नाही. तुझं पाणी माझ्या बाळाला चालायचं नाही."

तिनं ते रागानं म्हटलं नाही. पाऊस नाही, वारा नाही, असं सांगतात तसं सांगितलं. पाण्यावर एक तरंगसुद्धा उठेना. आणि नेमकी त्याच वेळी तळाशी भिंतीतून वाटी आली, रोजच्या वेळेला येते तशी, भरलेली. वाटीचा काठ दगडाला घासल्याचा आवाज आम्ही वरून ऐकला.

"वृषाली," विहीर म्हणाली, "घागर सोड खाली."

मी घागर सोडली. वर ओढली तर आत ती वाटी, पांढऱ्या पाण्यानं भरलेली. "हे लांब नेऊन ओत," ती म्हणाली. मी पार उताराखाली, बांधाच्या पलीकडे नेऊन ओतून आले. "आता पुसून दे." मी पदरानं वाटी पुसली आणि घागरीतून खाली सोडली. आतून विहिरीचा श्वास ऐकू येत होता. गजराबाई आल्या होत्या, आणखी दोघी-चौघी जमल्या होत्या. विहीर दोनदा थांबली. तिसऱ्यांदा तिनं वाटी भेगेत सरकवली, आणि कोरडी वाटी खडकातून खणखणत गेली ती आम्ही सगळ्यांनी ऐकली. उभ्या आयुष्यात तिनं कुणाला रिकामं भांडं परत केलं नव्हतं.

"काय म्हणेल गं तो पोरगा?" ती म्हणाली.

थोड्या वेळानं बर्गे चढावरून धावत आले. "वहिनी, लवकर चला! रिकामी वाटी पोचली आणि हौद हमसून हमसून काहीतरी करतोय. रडतोय का हसतोय, कळत नाही."

आम्ही सगळे हौदावर गेलो. बर्ग्यांनी झाकण उचललं. हौद हसत होता.

"सरपंचकाकू," तो म्हणाला, "थोरल्या काकूंना माझा नमस्कार सांगा. सुटलो मी."

"सुटलास म्हणजे?"

"मी दिवाळीला फराळाची म्हणून एकच वाटी पाठवली होती. नवीन होतो, बर्गेसाहेब म्हणाले ओळख वाढव. ती काकूंकडून भरून आली. आता भरून आलेली वाटी घेऊन गप्प बसलो असतो तर त्या म्हणाल्या असत्या, मेला घेऊन बसला. म्हणून मी परत भरून पाठवली. ती परत भरून आली. काकू, मला दिवस नाही, रात्र नाही! पातेलं पाठवलं तर पातेलंभर पाणी आलं. मला वाटलं, आता घंगाळ पाठवावं लागतंय. त्या कधीतरी रिकामी पाठवतील म्हणून मी डोळे लावून बसलो होतो."

बर्गे माझ्याकडे बघायला लागले, मी बर्ग्यांकडे. गजराबाई खाली बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. हौदानं त्याच दिवशी मागचं दार आतून लावून घेतलं. बर्ग्यांनी बाहेरून सिमेंट भरलं आणि वर जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरला. उरलेलं पाणी होळीपर्यंत टँकरनं गवताच्या रानाला द्यायचं ठरलं. गवताला असलं सगळं चालतं, आणि ते मोबदल्यात काही पाठवत नाही.

विहिरीला हे सांगायचं काम माझ्यावर आलं. मी सांगितलं. ती ऐकून घेत राहिली.

"म्हणजे तोसुद्धा नाइलाजानं देत होता," ती म्हणाली.

मला वाईट वाटलं. मी काही बोलणार, तेवढ्यात गजराबाईंनी कमरेवर हात ठेवले आणि काठावरून खाली तोंड घातलं. "मग? आम्ही मेलो होतो काय? रोज सकाळी अर्धा तास माझं डोकं कुणापुढे रिकामं करते मी? घरात कुणी ऐकतं का माझं? तू ऐकतेस म्हणून येते! नळ आला तरी मी येणार आहे इथंच, सांगून ठेवते!"

पाण्यावर बुडबुडे आले. ती हसत होती.

त्यानंतर तिचा उपसा झाला. तीन पंप लावून सगळं पाणी काढलं, तळ घासला, पावडर टाकली आणि नवं पाणी येऊ दिलं. गुंजाळ मॅडमनी त्यासाठी संक्रांतीनंतर थोडी मुदत दिली आणि मग नमुना नेला. निकालाच्या दिवशी त्या स्वतः आल्या. माझ्या स्वयंपाकघरात बसल्या, विहिरीच्या पाण्याचा चहा मागितला आणि बशीत ओतून पाहिला. चहा फाटला नाही. "तोंडओळखसुद्धा उरलेली नाही," त्या समाधानानं म्हणाल्या. वृषालीची बॅग मी तोवर केव्हाच रिकामी करून माळ्यावर टाकली होती. मिलिंदराव लाडू खाऊन एकटेच परत गेले होते.

माघात मला नात झाली. रंग चांगला गुलाबी, आवाज गजराबाईंवर गेलेला. तिच्या पहिल्या अंघोळीचं पाणी मी पहाटे स्वतः शेंदून आणलं, आणि घागर ओढताना मला इतका आनंद झाला की हाताला दोर काचतोय हेही कळलं नाही. बारशाला सगळं गाव जेवायला आलं. घुगऱ्या वाटायची वेळ झाली तेव्हा वृषाली म्हणाली, पहिली वाटी थोरलीची. बाळाला कडेवर घेऊन ती विहिरीवर गेली, मी मागोमाग.

"थोरले, घुगऱ्या आणल्यात," ती म्हणाली. "गूळ-खोबरं घालून केल्यात. सोडू खाली?"

"वास छान येतोय," विहीर म्हणाली. "गूळ जास्त पडलाय का गं?"

"जरासा."

"मग तूच खा. तुला लागतात आता." मग ती म्हणाली, "मला काही नको वृषाली. मला भांडं रिकामंच देत जा. भरायचं माझं मी बघते."

वृषाली काठावर बसली आणि सगळ्या घुगऱ्या तिनं खाल्ल्या. मी वाटी विसळून दोरीनं खाली सोडली. ती वर आली तेव्हा काठोकाठ भरलेली होती, आणि पाणी इतकं नितळ की वाटीचा तळ दिसत होता. वृषालीनं त्यात पदराचं टोक बुडवून बाळाचं तोंड पुसलं, आणि आम्ही पंगतीला वाढायला घरी गेलो.